क्यासनूरच्या अरण्यातील ताप

सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाचे अरण्य आहे. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात मोडतो. १९५७ साली त्या राज्याचे नाव म्हैसूर असे होते. मलनाड ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या डोंगराळ मुलखात पाऊस भरपूर पडतो. सखल जागी भाताची खाचरे, ओढ्यांच्या काठाने सुपारीच्या बागा आणि त्या सर्वांना चहूबाजूंनी वेढून राहिलेले रान, असा तेथील देखावा आहे. गाव आणि रान ह्यांच्यामध्ये कुंपण नाही. चुलीला लागणारे सरपण रानातून आणावयाचे, बागेत घालावयाचा पालापाचोळा रानातूनच गोळा करावयाचा आणि गुरे चरावयास सोडावयाची तीही रानातच. रानात गेल्यावाचून तेथील माणसाचा दिवस जात नाही.

१९५७ च्या मार्च महिन्याच्या सुमारास ह्या रानातून दोन वार्ता बाहेर आल्या. पहिली वार्ता माणसांची होती. धडधाकट माणसाला एकाएकी हुडहुडी भरून कडक ताप येई. डोके असह्य दुखे, अंग ठेचून काढल्यासारखे होई, डोळे लाल होत. कित्येकांच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येई आणि काही जण त्यातच दगावत. दुसरी वार्ता वानरांची होती. रानात झाडाखाली वानरे मरून पडलेली दिसत होती. एक नव्हे, दोन नव्हेत, ठिकठिकाणी. गावकऱ्यांनी ह्या दोन वार्तांची सांगड केव्हाच घालून टाकली होती. ते ह्या दुखण्यास ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडांचा रोग असे म्हणत. आपल्याकडे हाच रोग पुढे माकडताप ह्या नावाने माहीत झाला.

अशा तापात वैद्याच्या मनात पहिला संशय विषमज्वराचा यावा, हे स्वाभाविक होते. विषमज्वरातही ताप अनेक दिवस राहतो आणि तापाच्या मानाने नाडी मंद चालते. ह्या नव्या रोगातही तसेच होई. परंतु विषमज्वराने वानरे कशाला मरतील? हा एकच प्रश्न पहिल्या तर्काला पुरून उरत होता.

ह्या वार्ता पुण्यास येऊन पोहोचल्या. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. डास, गोचीड ह्यांसारख्या चावणाऱ्या प्राण्यांच्या द्वारे पसरणारे विषाणू भारतात कोणते आहेत, हे शोधणे हे त्याचे मुख्य काम होते. हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाते. केंद्राचे त्या वेळचे प्रमुख डॉ. टेलफर्ड वर्क हे होते. त्यांचे सहकारी डॉ. हॅरोल्ड ट्रॅपिडो ह्यांनी तत्पूर्वी मध्य अमेरिकेत पीतज्वराच्या डासांचा अभ्यास केलेला होता. माणसे तापाने आजारी आणि रानात माकडे मेलेली, हे वर्णन ऐकताच पीतज्वराचा अनुभव असलेल्या माणसाच्या मनात काय आले असेल, ह्याची आपण कल्पना करू शकतो.

पीतज्वर हा मूळचा आफ्रिकेतील रोग. तेथून तो अमेरिका खंडात गेला आणि तेथील जंगलांत माकडांमध्ये कायमचा वस्तीस राहिला. दक्षिण अमेरिकेतील जंगलात माकडांचा आरडाओरडा थांबून रान सुनेसुने झाले, की पीतज्वर आला असे समजण्यात येते. आशिया खंडात मात्र हा रोग कधीही रुजलेला नाही. तो पसरविणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे. रोग नाही, पण रोगाचे वाहन तयार आहे, अशी ही परिस्थिती आहे. म्हणूनच पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लस टोचल्याचा दाखला आपले सरकार आजही मागते. असा रोग जर शिमोग्याच्या रानात उतरला असेल, तर तेथून तो मुंबईस आणि मद्रासेस पोहोचावयास कितीसा अवकाश? पुण्याहून निघालेल्या संशोधकांच्या मनावर केवढे ओझे असेल, ते ह्यावरून ध्यानात यावे.

साथीचा शोध करणाऱ्यास प्रथम एक साधे परंतु कंटाळवाणे काम करावे लागते. ते म्हणजे गणती. रोगी कोणास म्हणावयाचे, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर ज्याला साधे पडसे झाले आहे तोही यादीत येतो आणि ज्याला खरा रोग झाला आहे तो बाहेर राहतो. मग घरोघर जाऊन विचारावयाचे: कोण आजारी पडले, त्याचे वय काय, तो राहतो कोठे, ताप कोणत्या दिवशी आला, त्यापूर्वीच्या आठवड्यात तो कोठे कोठे गेला होता, त्याने काय खाल्ले, कोणते पाणी प्यायले. उत्तरे वहीत लिहावयाची, घरांच्या खुणा नकाशावर करावयाच्या आणि तारखांप्रमाणे रोग्यांची मांडणी करावयाची. पुष्कळ वेळा रोगाचे निम्मे रहस्य ह्या वहीतच दडलेले असते. एकाच दिवशी एकदम पन्नास माणसे आजारी पडली, तर एखाद्या जेवणावळीचा किंवा विहिरीचा संशय येतो. आज दोन, आठवड्याने पाच, पुढच्या आठवड्यात बारा अशी चढण दिसली, तर रोग एकापासून दुसऱ्यास होत असावा असे वाटते.

ह्या कामात एक गोष्ट विसरली जाण्याचा फार संभव असतो. आजाऱ्यांची चौकशी सारेच करतात. पण जे आजारी पडले नाहीत त्यांचीही चौकशी करावी लागते. मी एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापक असताना हे मला एका आरोग्यसेविकेने शिकविले. एका सोमवारी सातवीच्या वर्गातील नऊ मुले गैरहजर होती. सर्वांना उलट्या होत होत्या आणि सर्व आदल्या दिवशी एका बारशाच्या जेवणास गेली होती. मला वाटले, उलगडा झाला. सेविकाबाईंनी हजेरीपट मागून घेतला आणि विचारले, “गुरुजी, जेवायला गेलेला असून आज वर्गात आलेला कोणी आहे का?” असे दोघे निघाले. एकाला बासुंदी मुळीच आवडत नसे आणि दुसरा पंगतीला उशिरा पोहोचल्यामुळे बासुंदी संपलेली होती. बाकीचे सारे पदार्थ दोघांनीही खाल्ले होते. नऊ आजारी मुलांनी जे सांगितले नसते, ते ह्या दोन निरोगी मुलांनी सांगून टाकले.

क्यासनूरच्या परिसरातही हाच प्रश्न महत्त्वाचा होता. चौकशीत असे दिसून आले, की रोग्यांमध्ये रानात ये-जा करणाऱ्यांचाच भरणा आहे. सरपण तोडणारे, पाला आणणारे, गुरे राखणारे आजारी पडत होते. त्यांची शुश्रूषा करणारी घरची माणसे, रानात गेली नसतील तर, बहुधा निरोगी राहत. म्हणजे रोग माणसापासून माणसास होत नव्हता. जे काही होते ते रानात होते आणि माणूस ते रानातून अंगावर घेऊन येत होता. १९५६ सालीही ह्याच मोसमात अशीच साथ येऊन गेली होती, हेही गावकऱ्यांना विचारता विचारता उघडकीस आले. पहिल्या वर्षी ती कोणाच्या दप्तरी नोंदली गेली नव्हती, एवढेच.

पीतज्वराच्या तर्काला धक्का देणाऱ्या गोष्टीही हळूहळू समोर येऊ लागल्या. पीतज्वरात रोग्याचे डोळे व कातडी पिवळी पडतात. त्यावरूनच तर त्याचे नाव पडले. येथे कावीळ हे रोगाचे लक्षण नव्हते. पण लक्षणांवर शेवटचा निवाडा होत नसतो. त्यासाठी रोग घडविणारा विषाणू हाती लागावयास हवा.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. विषाणू इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. आणि जिवंत पेशीवाचून तो वाढत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत रानात पडलेले वानराचे शव फार लवकर कुजते. म्हणून मृत्यूनंतर थोड्याच वेळात सापडलेले शव हवे. मग त्याच्या अवयवांचे तुकडे बर्फात ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यावयाचे. माणसाचे रक्तही तापाच्या पहिल्या दिवसांतच घ्यावयास हवे, कारण पुढे विषाणू रक्तातून नाहीसा होऊ लागतो. ह्या नमुन्यांचा अंश उंदरांच्या नवजात पिलांना टोचण्यात आला. पिले आजारी पडली आणि मेली. रोगी माणसांच्या रक्तातून आणि मेलेल्या वानराच्या शरीरातून एकच विषाणू हाती आला. गावकऱ्यांनी जोडलेला धागा खरा होता; माणसांचा रोग आणि वानरांचा रोग एकच होता.

आता ह्या विषाणूचे कुळ शोधावयाचे. एखाद्या विषाणूशी झगडताना प्राण्याच्या रक्तात त्याला ओळखणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. माहीत असलेल्या निरनिराळ्या विषाणूंची प्रतिपिंडे घेऊन ती ह्या नव्या विषाणूशी जुळतात की नाही, हे तपासण्यात आले. पीतज्वराशी जुळणी झाली नाही. जुळणी झाली ती अगदी अनपेक्षित अशा पाहुण्याशी. सायबेरियाच्या थंड अरण्यांत वसंत व ग्रीष्म ऋतूंत मेंदूचा दाह करणारा एक रोग होतो; त्याच्या विषाणूच्या कुटुंबातील हा एक अज्ञात सदस्य निघाला. हे सारे कुटुंब गोचिडींच्या चाव्याने पसरणारे होते. भारतात ह्या कुटुंबातील विषाणू रोगाची साथ घडवून आणतो, हे तेव्हा प्रथमच कळले. त्याला क्यासनूर अरण्यरोगाचा विषाणू असे नाव मिळाले.

डास सोडून आता सर्वांची दृष्टी जमिनीकडे वळली. पांढरे फडके रानातील पाचोळ्यावरून ओढीत नेले, की चावण्यासाठी टपून बसलेल्या गोचिडी त्याला चिकटतात. अशा रीतीने रानाच्या तळातून गोचिडी गोळा करण्यात आल्या. वानरांच्या अंगावरीलही वेचण्यात आल्या. त्यांतील काहींमध्ये तोच विषाणू सापडला. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा असे भारदस्त शास्त्रीय नाव असलेली ही गोचीड ह्या रोगाची मुख्य वाहक ठरली. माणसाला चावणारी तिची पिल्ले इतकी लहान असतात, की अंगावर चढली तरी पत्ता लागत नाही.

ह्या गोचिडीचे जीवन समजले, तेव्हा रोगाच्या मोसमाचेही कोडे सुटले. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांसारख्या मोठ्या प्राण्यांचे रक्त पिते आणि जमिनीवर गळून पडून अंडी घालते. पावसाळा सरता सरता अंड्यांतून सहा पायांची पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, वानर अशा एखाद्या प्राण्याला चिकटतात, पोट भरले की गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. ही दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले हिवाळा व उन्हाळा रानात वावरतात, आणि तीच माणसाला चावतात. रोगाची साथ बहुधा डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत का असते आणि पहिला जोराचा पाऊस पडल्यावर का ओसरते, ते आता स्पष्ट झाले.

येथे गुरांची गोष्ट थोडी विचार करण्याजोगी आहे. गाय किंवा म्हैस ह्या रोगाने आजारी पडत नाही. तिच्यापासून माणसास हा रोग होत नाही. तरीही रानात गुरे जितकी जास्त चरतील तितके गोचिडींना अन्न जास्त, आणि तितकी त्यांची प्रजा जास्त. जंगल तोडून शेती आत आत सरकली, गुरे आणि माणसे पूर्वी जात नव्हती तेथे जाऊ लागली, आणि रानातल्या रानात चाललेल्या एका जुन्या व्यवहारात माणूस आपण होऊन जाऊन सापडला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मला ते पटते.

वानराची बाजूही आता सांगावयास हवी. गावकऱ्यांचे ‘माकडांचा रोग’ हे नाव निरीक्षणाच्या दृष्टीने अचूक होते, परंतु त्यामुळे वानर हा अपराधी आहे असा समज होण्याचा धोका होता, आणि तो आजही आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लहान चणीचे माकड हे दोन्ही ह्या रोगाचे बळी आहेत. त्यांनाही तीच गोचीड चावते आणि तेही त्याच तापाने मरतात. कित्येकदा माणसाच्या आधी मरतात. मात्र आजारी वानराच्या रक्तात विषाणू विपुल वाढतो, आणि त्याच्या अंगावर पोसलेली सारी गोचिडीची पिल्ले तो घेऊन खाली उतरतात. वानर मेले आणि शव थंड पडले, की त्या भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. मेलेल्या वानराच्या आसपासची जागा म्हणूनच फार धोक्याची असते. तेथे कुतूहलाने गोळा होणे हे त्या रानात करता येण्यासारखे सर्वांत वाईट काम होय.

रोग ओळखला म्हणून तो लगेच आटोक्यात आला, असे मात्र घडले नाही. सायबेरियातील भाऊबंद विषाणूवर तयार केलेली लस येथे उपयोगी पडेल, अशी आशा वाटून १९५८ व १९५९ साली ती टोचून पाहण्यात आली. तिने संरक्षण मिळाले नाही. विषाणूचा नातेवाईक सायबेरियात निघाल्यामुळे, तो तेथून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर आला असेल काय, अशीही शंका घेण्यात आली. ह्या शंकेच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली ह्यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. परंतु भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटांविषयी मोलाचे ज्ञान मिळाले. एक वाट शोधताना दुसरीच सापडावी, असे विज्ञानात पुष्कळदा होते.

ह्या शोधाची किंमत संशोधकांनीही मोजली. विषाणूवर काम करता करता प्रयोगशाळेतील अनेक जण त्याच तापाने आजारी पडले. त्या काळी अशा विषाणूपासून काम करणाऱ्याचे पूर्ण रक्षण करणारी बंदिस्त दालने आपल्याकडे नव्हती. साथीचा शोध लावणाऱ्यांची नावे पुस्तकांतून येतात. ज्यांनी उंदरांच्या पेट्या साफ केल्या आणि काचपात्रे धुतली, त्यांची येत नाहीत. ताप मात्र दोघांनाही सारखाच आला.

मनुष्याच्या ह्या रोगावर नेमके औषध अद्यापि नाही. विश्रांती, शरीरातील पाणी टिकविणे आणि रक्तस्रावाकडे लक्ष देणे, हेच उपचार करता येतात. शंभर रोग्यांतील तीन ते पाच दगावतात. कोंबडीच्या अंड्यातील गर्भपेशींवर विषाणू वाढवून केलेली एक लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली जात होती. तिचे संरक्षण अपुरे ठरल्याने ती पुढे बंद करण्यात आली आणि नव्या लसीचा शोध सुरू झाला. तोपर्यंत हाती असलेले उपाय साधे आहेत: रानात जाताना अंगभर कपडे घालावे, गोचिडींना दूर ठेवणारे तेल उघड्या अंगास लावावे, परत आल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावे.

दीर्घकाळ हा रोग शिमोगा व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांचाच समजला जात असे. तो समज आता राहिला नाही. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रोगी आढळले. तेथे काजूच्या बागा रानाला लागून आहेत. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा मोसम एकच. झाडाखालचा पाचोळा बाजूला सारून बिया वेचताना हात नेमका तेथेच जातो, जेथे ती पिल्ले बसलेली असतात.

ह्या गावांतून हिवाळा सुरू झाला की आरोग्यसेवक घरोघर जाऊ लागतात. कोणास ताप आहे काय, हे ते विचारतात. तापकरी असेल तर रक्ताचा नमुना घेऊन तपासणीस पाठवितात. पण घरात तापकरी कोणीही नसला तरी त्यांचे काम संपत नाही. आणखी एक प्रश्न ते दारात उभे राहून विचारतात, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा घरातील मुलेच देतात, कारण रानवाटांनी शाळेत येणारी-जाणारी तीच असतात: “ह्या आठवड्यात कोठे मेलेले माकड दिसले का?”